वाटेचा पुरावा : राधानगरीच्या रानवाटा आणि माझी एक दुरुस्ती

१/
गेल्या वर्षी मी इथेच राधानगरीवर एक धागा लिहिला होता. त्यातले एक वाक्य बऱ्याच जणांनी उचलले, चित्रावर छापले, सहलीच्या जाहिरातींतही वापरले. वाक्य असे होते : ‘दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा समुद्रदेव फोंडा घाट चढून, दाजीपूरच्या रानातून कोल्हापुरात आला.’ वाक्य ऐकायला सुंदर होते, पण त्यामागे पुरावा नव्हता. आजचा धागा त्या वाक्याची दुरुस्ती आहे. थोडा लांबला आहे, सवडीने वाचावा.

२/
ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी भूगोल. कोल्हापुरातून भोगावती नदीचे खोरे धरून नैर्ऋत्येला निघाले की साधारण ५०-५५ किलोमीटरवर राधानगरी लागते. पुढे जलाशयाच्या कडेकडेने रान दाट होत जाते, दाजीपूर येते आणि मग जमीन एकाएकी तुटते. खाली कोकण. फोंडा घाट उतरला की कणकवली तालुका आणि त्यापलीकडे देवगड-विजयदुर्गचा किनारा. सह्याद्रीच्या कड्यावरून समुद्र फार दूर नाही. दूर वाटतो तो उंचीमुळे.

३/
आता समुद्रदेवाविषयी. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४०च्या दशकात तिथे सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडात आले. १९४५-४६मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. त्या टेकडीवर सापडलेल्या कांस्यवस्तूंच्या साठ्यात पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची एक छोटी मूर्ती होती. वीतभरही उंची नाही. पण भारतातील रोमन वस्तूंची चर्चा तिच्यावाचून पूर्ण होत नाही.

४/
माझी चूक कशी घडली ते सांगते, कारण ती माझ्या एकटीची नसावी. माझ्या हाती तीन खऱ्या गोष्टी होत्या. रोमन मूर्ती कोल्हापुरात सापडली, हे खरे. रोमन माल पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत असे, हेही खरे. कोल्हापूर आणि किनारा यांच्यामध्ये फोंडा घाट आहे, हेही खरेच. या तीन खऱ्या गोष्टींमधून मी चौथी ओढून काढली आणि तीही तितक्याच ठाम स्वरात लिहिली. वाचणाऱ्याला तीन खऱ्यांच्या शेजारी बसलेले चौथे अनुमान ओळखू येत नाही.

५/
या चुकीची किंमत मला दोन महिन्यांनी कळली. दोन महाविद्यालयीन मुले तो धागा वाचून ‘रोमन वाट’ शोधायला दाजीपूरला आली. परवानगीची वाट सोडून आत शिरली. दिवस कलल्यावर धुके उतरले, दिशा हरपली आणि पावलांखालची वाट गव्यांनी पाडलेली निघाली. रात्री उशिरा ती सुखरूप परतली. त्यांपैकी एकाने मला निरोप पाठवला, त्यात तक्रार नव्हती. फक्त विचारले होते, ‘ताई, ती वाट नक्की कुठून सुरू होते?’

६/
या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पुढच्या खेपेला तिथल्या एका वाटाड्याला मी हे सांगितले. ते वयस्क गृहस्थ, रानात आयुष्य काढलेले. रागावले नाहीत. म्हणाले, ‘बाई, तुमी घरात बसून लिवता, पन वाचणारा चालत येतो हितं.’ इतिहासाच्या पद्धतिशास्त्रावर दोन वर्षे व्याख्याने ऐकली, पण इतके नेमके मला कोणी बजावले नव्हते.

७/
म्हणून यावेळी मी प्रश्न बदलला. समुद्रदेव कुठून आला, हा प्रश्न बाजूला ठेवला. राधानगरीच्या वाटांबद्दल आपण काय सांगू शकतो, कोणत्या पुराव्यावर आणि किती जोराने, एवढेच तपासायचे ठरवले. पुढचे भाग त्याच क्रमाने आहेत : आधी ग्रंथ, मग कोरीव लेख आणि ताम्रपट, मग जमीन आणि शेवटी माणसांची आठवण.

८/
ग्रंथ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा समुद्रप्रवासाचा ग्रंथ आहे. त्यात आपल्या किनाऱ्यावरील बंदरांची यादी येते. कल्याण आणि चौल ही त्यांतली ओळखू येणारी नावे. पुढची काही नावे कोकणातील कोणत्या खाड्यांची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मात्र पैठण आणि तगर म्हणजे आजचे तेर इथला माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलुखातून भडोचला जाई, हे त्यात स्पष्ट आहे.

९/
याचा अर्थ लक्षात घ्या. पठारावर परदेशी वस्तू पोहोचण्यासाठी जवळचा घाट चढणे हा एकच मार्ग नव्हता. ती मूर्ती चौलला उतरून बोरघाटाकडून येऊ शकते. भडोच-पैठण-तेर अशी फिरून येऊ शकते. एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात दोन पिढ्यांनंतरही पोहोचू शकते. फोंडा घाटातूनही येऊ शकते. ‘येऊ शकते’ आणि ‘आली’ या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे, ते मी गेल्या वर्षी पुसून टाकले होते.

१०/
कोरीव लेख. जुन्नरजवळच्या नाणेघाटाबद्दल आपण ठामपणे बोलतो, कारण घाट स्वतःच बोलतो. तिथे सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, पाण्याची कोरीव टाकी आहेत, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. राधानगरी परिसरात मी वर्षभर शोधले. मला असा एकही सातवाहनकालीन लेख मिळाला नाही. लेख नाही म्हणजे वाट नव्हती, असे नव्हे. पण लेख नसताना नाणेघाटाचा आवाज उसना घेऊन बोलता येत नाही.

११/
हजार वर्षे पुढे आलो की जमीन थोडी घट्ट होते. घाटाखाली वाघोटन नदीवर खारेपाटण आहे. ही नदी विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळते, आणि खारेपाटण हे तिच्यावरचे जुने बंदर. इथे दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाचा शके ९३०चा, म्हणजे इ. स. १००८चा ताम्रपट मिळाला. एका शिवमंदिरासाठी गावे आणि काही उत्पन्न दान दिल्याची ती नोंद आहे. त्यात परदेशाहून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचा एक गद्याण घेण्याची तरतूद आहे.

१२/
जहाजामागे सोने आकारता येते, याचा अर्थ बंदर गजबजलेले होते. बंदरात उतरलेला माल सगळा कोकणात खपणारा नव्हता, त्याला पठारावरचा गिऱ्हाईक लागत असणार. आणि पठारावर जायचे तर या भागातून अणस्कुरा, भुईबावडा, फोंडा अशा घाटांपैकी कोणता तरी चढावाच लागतो. वाटा होत्या, हे अनुमान इथे भक्कम आहे. पण कोणत्या वर्षी कोणत्या घाटाने किती माल चढला, हे ताम्रपटावरून ठरत नाही. माझे अनुमान इथवरच जाते.

१३/
आता जमीन. वाटेला लेख नसला तरी चाल असते. ओझ्याचा बैल सरळ चढ चढत नाही. त्याला नागमोडी वळणे लागतात, थांब्यावर पाणी लागते, पाय घसरू नये म्हणून दगड बसवलेला लागतो. लमाणांचे तांडे शेकडो बैलांवर गोण्या लादून चालत, तेव्हा त्यांना रात्रीच्या मुक्कामाला चारा आणि सपाट माळ लागे. म्हणून जुना घाटमार्ग शोधताना शिखरापेक्षा पाणवठे, खिंडी आणि माथ्यावरची देवळे पाहावीत. वाट त्यांच्यामधून ओवलेली असते.

१४/
आणि ओझे कशाचे होते? रेशमाची आणि सोन्याची चित्रे आपल्याला आवडतात. घाटवाटांचा रोजचा राजा मात्र मीठ होता. पठारावर मीठ पिकत नाही आणि त्यावाचून माणसाचे चालत नाही, गुराचेही नाही. मीठ, सुकी मासळी, नारळ, आमसूल वर चढे. धान्य, गूळ, मिरची, तंबाखू खाली उतरे. समुद्रदेव एकदा आला असेल किंवा नसेल. मीठ मात्र दर वर्षी, पावसाळा संपला की, न चुकता आले.

१५/
इथे माझ्या आजीला बोलू द्यावे लागेल. ती घाटाखालची, फोंड्याजवळच्या एका वाडीतली. १९६०च्या सुमारास लग्न होऊन वर आली, ती राधानगरीचीच झाली. तिला मी मोठ्या उत्साहाने नकाशा दाखवला आणि विचारले, ‘जुनी वाट यांतली कोणती?’ तिने चष्मा पुसला, नकाशा उलटा धरला, परत दिला आणि म्हणाली, ‘अगं, वाट काय एकच असती व्हय?’

१६/
तिच्या बोलण्यातला आशय असा : बैलांची वाट वेगळी, ती वळणे घेत चढणारी. माणसांची वेगळी, ती नीट सरळ, करवंदीच्या जाळीला धरत चढायची. बायकांची त्याहून वेगळी. डोक्यावर ओझे असेल तर फार उभा चढ चालत नाही आणि फार लांबचा वळसाही परवडत नाही. गाडीरस्ता होता, एस. टी. होती, पण भाड्याचे पैसे वाचले तर तेवढाच मुलांना खाऊ. माहेराहून येताना आमसुले आणि सुके बांगडे, जाताना गूळ.

१७/
तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या टिपणवहीत मी दोनदा अधोरेखित केली आहे. चढाच्या मध्यावर एक दगडी बैठक होती, उभ्या बाईच्या खांद्याच्या उंचीची. डोक्यावरचे ओझे दुसऱ्याच्या हाताशिवाय तिच्यावर सरकवता येई आणि पुन्हा उचलता येई. ‘एकट्या बाईसाठी बांधली असावी कुनीतरी,’ ती म्हणाली. ‘नाव न्हाई, गाव न्हाई. पन बांधणारा शहाणा होता.’ घाटवाटांवरील माझ्या वाचनात बैल होते, सैन्य होते, जकात होती. एकट्या बाईचे ओझे मला तोवर कुठेच भेटले नव्हते.

१८/
आता प्रत्यक्ष रानात जाऊ. दाजीपूरच्या अभयारण्यात ज्या भागांत आज पर्यटकांना नेतात, त्यांची नावे ऐका : ठक्याचा वाडा, सांबरकोंड, वाघाचे पाणी, सावराईचा सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, पावसाळ्यानंतर फुलांनी भरणारे. आपण या रानाला ‘मानवी स्पर्श न झालेले’ म्हणतो. पण नाव ठेवायला माणूस लागतो. ‘वाडा’ हा शब्दच सांगतो की इथे कुणाची तरी वस्ती होती, गुरे होती, चूल पेटत होती.

१९/
या रानात गवळी-धनगरांच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या आहेत. त्यांची गुरे चरायला गेली की पायवाटा पडत. हिरडा आणि शिकेकाई गोळा करणाऱ्यांच्या वाटा त्यांना येऊन मिळत. घाटमाथ्यावरचा शिवगड हा लहानसा किल्ला पाहिला की राज्यकर्त्यांनाही या वाटांची किंमत ठाऊक होती, हे कळते. तिथून खालच्या घाटावर आणि कोकणावर नजर ठेवता येते. वाट नसती तर तिथे पहारा कशाला बसवला असता?

२०/
मग आले छत्रपती शाहू महाराज. हे रान करवीर संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराजांनी भोगावतीवर धरण बांधण्याचे काम हाती घेतले. वसवलेल्या पेठेला कन्या राधाबाई यांच्यावरून राधानगरी आणि जलाशयाला राणी लक्ष्मीबाई यांच्यावरून लक्ष्मी तलाव हे नाव मिळाले. १९२२मध्ये महाराज गेले तेव्हा काम अपुरे होते, ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. पाणी चढले की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आजही दर पावसाळ्यात बातमीचा विषय होतात.

२१/
या धरणाने कोल्हापूरची शेती बदलली, आणि त्याबद्दलची कृतज्ञता माझ्या घरातही आहे. वाटांच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक गोष्ट दिसते. नदीकाठाने जाणारी वाट खोऱ्याच्या तळातून जाते, आणि धरणाचे पाणी आधी तळच भरते. जुन्या मार्गाचा सर्वांत सोपा, सर्वांत वापरातला तुकडा असेल तर तो आज लक्ष्मी तलावाखाली असणार. आपण कडेच्या उंच रस्त्यावरून जातो आणि त्यालाच जुना समजतो.

२२/
१९५८मध्ये दाजीपूरचे रान गव्यांसाठी अभयारण्य झाले. महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य म्हणून त्याची ओळख आहे. १९८५मध्ये क्षेत्र वाढून ३५१ चौरस किलोमीटर झाले आणि ‘राधानगरी वन्यजीव अभयारण्य’ हे नाव आले. २०१२मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत राधानगरीही आहे. शिकारीचे रान संरक्षणाचे रान झाले. राखीवपणा तोच, हेतू उलटा.

२३/
या बदलात वाटांचे काय झाले? वाट ही दगडाची वस्तू नाही. ती पावलांनी जिवंत राहते. दोन पावसाळे कोणी चालले नाही तर कारवी तिच्यावर चढते, पाच पावसाळ्यांत ती नाहीशी होते. मीठ ट्रकने येऊ लागले, देवगड-निपाणी रस्त्यावर गाड्या धावू लागल्या, सुना एस. टी.त बसू लागल्या. वाटा कोणी बंद केल्या नाहीत, त्यांची गरज संपली. जिथे त्या मिटल्या तिथे आज गवा, अस्वल आणि भेकर निवांत हिंडतात.

२४/
मग त्या पुन्हा मोकळ्या कराव्यात का? वर्षभरापूर्वी मी ‘हो’ म्हटले असते. वारसावाट, फलक, दिशादर्शक खुणा, सगळे मनात तयार होते. त्या दोन मुलांच्या निरोपानंतर आणि वाटाड्याच्या वाक्यानंतर माझे उत्तर बदलले. पूर्वी ज्या वाटांवर माणसे चालली, त्या त्यांच्या पोटाच्या वाटा होत्या. आपण हौसेने जाणार आहोत. हौसेला ठरवून दिलेली वाट पुरते. रानाच्या शांततेवर आपला तेवढाच हक्क आहे.

२५/
आजीच्या दगडी बैठकीचे मात्र मनातून जात नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो दगड पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे. मी तिने सांगितलेल्या खुणा नकाशावर मांडल्या. जागा परवानगीच्या वाटेबाहेर निघाली. ‘संशोधनासाठी’ म्हणून रीतसर अर्ज करता येईल आणि कदाचित तो करीनही. पण गुपचूप आत शिरून छायाचित्र काढणार नाही. माझ्या एका वाक्याने दोघांना तिथे नेले होते. माझे छायाचित्र दोनशे जणांना नेईल.

२६/
तोवर त्या दगडाची नोंद मी प्रबंधात अशी केली आहे : ‘मौखिक साक्ष, एकच साक्षीदार, प्रत्यक्ष पडताळणी झालेली नाही.’ आजीला हे वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पडताळणी म्हंजे खरं-खोटं बघणं ना? बग की. माझं डोकं अजून जाग्यावर हाय, दगड पन असंल.’ तिला वाईट वाटले असावे. ते तसेच लिहून ठेवते, कारण पुराव्याची शिस्त पाळताना आपण माणसाचा शब्द तराजूत घालतो आणि तो माणूस समोर बसलेला असतो.

२७/
आता दुरुस्ती. गेल्या वर्षीचे वाक्य मी मागे घेते. त्या जागी हे वाचावे : ‘कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची मूर्ती किनाऱ्यावरून कोणत्या वाटेने आली, हे ठरवण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही. राधानगरी-फोंडा परिसरातील घाटवाटांनी किनारा आणि पठार यांना दीर्घकाळ जोडले होते, आणि त्यांवरून मीठ, मासळी, गूळ व माणसे ये-जा करीत होती.’ हे वाक्य कोणी चित्रावर छापणार नाही, हे मला ठाऊक आहे.

२८/
जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. इतर वेळी परवानगी आणि वाटाड्या घेऊनच आत जावे. गवा शांत दिसतो म्हणून जवळ जाऊ नये. सड्यावर फुलांमध्ये बसून छायाचित्रे काढू नयेत. कोकणाच्या बाजूचा कडा दिसला की थोडे थांबावे आणि खाली पाहावे. एवढा चढ डोक्यावर ओझे घेऊन चढणे म्हणजे काय, याचा अंदाज तिथे उभे राहिल्यावरच येतो.

२९/
शेवटची विनंती. तुमच्या घरात घाट चढून आलेली किंवा उतरून गेलेली आजी, मावशी, आत्या असेल तर तिला विचारा : कोणत्या वाटेने यायचीस, ओझे काय असायचे, पाणी कुठे प्यायचीस, विसावा कुठे घ्यायचीस. उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि खाली तारीख घाला. एका साक्षीदाराची आठवण ही आठवण असते. वेगवेगळ्या गावांतल्या दहा बायकांनी तोच विसावा सांगितला, तर इतिहासाला तिथे थांबावेच लागेल.

३०/
धागा इथे संपला. जुना धागा मी पुसलेला नाही. त्याच्या माथ्यावर ही दुरुस्ती जोडली आहे, म्हणजे चूकही दिसेल आणि ती कशी सुधारली तेही. यातही काही चुकले असेल तर पुराव्यासह जरूर सांगावे. आणि त्या दोघांपैकी कोणी हे वाचत असेल तर : बाबांनो, ती वाट कुठून सुरू होते हे मला माहीत नव्हते. तेव्हाच हे सांगायला हवे होते.